पाचगणीचा सूर, म्यूनिकचा ठेका

मंडळी, वाईहून निघालेली एस. टी. पसरणीचा घाट चढू लागली, की एका बाजूला कृष्णेचे खोरे उलगडत जाते आणि वर टेबललँडची सपाट कड दिसू लागते. ही वाट तुमच्यातल्या पुष्कळांच्या पायाखालची असेल. घाटाच्या पायथ्याशी पसरणी, म्हणजे शाहीर साबळ्यांचे गाव. घाटाच्या माथ्यावर पाचगणी, म्हणजे सिल्व्हर ओकच्या झाडांत दडलेल्या, वसतिगृहे असलेल्या शाळांचे गाव. खाली डफ, वर पियानो, आणि मधे एक घाट. मला आज बोलायचे आहे ते १९८० नंतरच्या आठदहा वर्षांत युरोपातून आपल्याकडे आलेल्या डिस्को गाण्यांविषयी. त्याचा या घाटाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, या वयात हे काय काढलंत?" तुमचे म्हणणे रास्त आहे. पण जे आज पन्नाशी-साठीला आले आहेत त्यांना विचारा. त्या दिवसांत वरातीत नाचलेला, एस. टी. स्टँडवरच्या कॅसेटच्या दुकानापुढे रेंगाळलेला माणूस त्या गाण्यांचे नाव काढताच गालातल्या गालात हसतो. शब्द एक कळलेला नसतो, पण चाल अजून ओठांवर असते.

माझ्याकडे ही गाणी आली ती अशी. मी तेव्हा घाटाखालच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. आमच्या गावचा एक गडी पाचगणीतल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होता. मुले सुटीला घरी जाताना नको असलेल्या वस्तू मागे टाकून जात. त्यांतून त्याला १९८५ च्या अखेरीस एक कॅसेट मिळाली. त्याच्याकडे वाजवायला यंत्र नव्हते आणि माझ्याकडे रेडिओ अन् टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, ज्याला सगळे 'टू-इन-वन' म्हणत, तो नवा होता. कॅसेट माझ्याकडे आली. तिच्यावर बॉलपेनने एवढेच लिहिलेले होते : 'डान्स ८५'. गाण्यांची नावे नाहीत, गाणाऱ्यांची नाहीत. मी ती सायंकाळी वह्या तपासताना हळू आवाजात लावी. हळू अशासाठी, की मास्तरांच्या घरातून असले संगीत ऐकू येणे बरे दिसत नसे.

या गाण्यांत होते तरी काय? गुरुजी मंडळींनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. पोरांना उभे करा आणि पायाने जमिनीवर सारख्या अंतराने चार ठोके द्यायला सांगा : धम, धम, धम, धम. चारही सारख्याच जोराचे. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला टाळी वाजवू द्या. मग वर्गातली चारदोन चुणचुणीत मुले निवडा आणि दर दोन ठोक्यांच्या बरोबर मधल्या फटीत त्यांना तोंडाने 'च्' म्हणू द्या. झाला डिस्को. पाय म्हणजे मोठा ढोल, टाळी म्हणजे ताशासारखा लहान ढोल, आणि 'च्' म्हणजे पितळी झांजेची जोडी. वेग मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांचा; कवायतीत 'तेज चल' म्हटल्यावर पावले पडतात, त्याच्या आसपासचा.

आपल्या केरव्यात आठ मात्रा असतात आणि वजन समेवर येते. बाकीच्या मात्रा समेकडे चाललेल्या असतात. भजनात मृदंगवाला खेळ करतो तो याच वजनाशी. डिस्कोत प्रत्येक ठोका समेसारखाच पडतो. त्यामुळे नाचणारा चुकूच शकत नाही. कुठूनही सुरुवात करा, पाय जमिनीवर पडेल तिथे ठोका हजर. जाणकार म्हणतात, यात कलाकुसर नाही. ते खरे आहे. पण ज्याला नाचता येत नाही, ज्याला लाज वाटते, त्यालाही तो ठेका सामावून घेतो, हेही तितकेच खरे आहे. लेझीम शिकवताना आपण पहिल्या दिवशी काय करतो? नुसते एक-दोन-तीन-चार.

आता शब्दाविषयी थोडेसे. फ्रेंच भाषेत ग्रंथसंग्रहाला 'बिब्लिओथेक' म्हणतात. त्याच धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहाला 'डिस्कोथेक' म्हणू लागले, आणि मग जिथे वादकांचा ताफा न बोलावता नुसत्या तबकड्या लावून लोक नाचतात, त्या जागेलाच ते नाव पडले. १९७० नंतर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत या जागांना बहर आला. तिथे येणारे पुष्कळसे लोक कृष्णवर्णीय आणि इतर उपेक्षित समाजांतले होते. मग उलटी लाट आली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटकांनी उडवून देण्यात आला! लोक मैदानात घुसले, आणि ठरलेला दुसरा सामना त्या दिवशी होऊच शकला नाही. गाण्याचा एवढा राग येतो म्हणजे नवलच. अमेरिकेत त्यानंतर डिस्कोची हवा ओसरली. युरोपात मात्र ओसरली नाही, उलट तिथे तिचे दुसरे घर झाले.

त्या घराचा पत्ता जर्मनीतल्या म्यूनिक शहराचा. तिथला मोठा कारागीर म्हणजे जॉर्जिओ मोरोडर. हा मूळचा डोंगरातला माणूस, १९४० साली इटलीच्या उत्तरेकडच्या आल्प्स पर्वतातल्या एका खोऱ्यात जन्मलेला. म्यूनिकमधल्या एका उंच इमारतीच्या तळघरात त्याने 'म्यूझिकलँड' नावाचे ध्वनिमुद्रणगृह उभे केले. डोना समर ही अमेरिकन गायिका तेव्हा जर्मनीतच राहत होती. तिच्याकडून त्याने १९७७ साली 'आय फील लव्ह' हे गाणे गाऊन घेतले. त्यात व्हायोलिन नाही, गिटार नाही. गायिकेचा आवाज आणि मोठ्या ढोलाचा ठोका सोडला, तर जवळजवळ सगळे संगीत सिंथेसायझर या विजेच्या वाद्याचे आहे.

या वाद्यात तार नसते, पडदा नसतो, हवा फुंकावी लागत नाही. विजेचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा खालीवर डोलवला, की ध्वनिवर्धकाचा पडदा तसाच थरथरतो आणि सूर निघतो. थरथर वाढवली की सूर चढतो. त्याच्या जोडीला एक यंत्र, जे सांगून ठेवलेले सूर न थकता, न चुकता पुन्हापुन्हा वाजवते. त्या गाण्यात मोरोडरने आणखी एक युक्ती केली. खर्जाचा प्रत्येक सूर तो डाव्या कानाला ऐकवतो, आणि त्याचाच प्रतिध्वनी किंचित उशिरा उजव्या कानाला. पसरणीच्या घाटात हाक मारली की समोरचा कडा तीच हाक परत देतो ना? तसेच, फक्त इथे कडा एवढा जवळ आणला आहे, की हाक आणि पडसाद मिळून एकच धावती लय होते.

म्यूनिकची आणखी एक गंमत सांगतो. तिथल्याच 'सिल्व्हर कन्व्हेन्शन' या संचाचे १९७५ चे एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या सबंध गाण्यात निरनिराळे शब्द अवघे सहा! इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा लोकांनी, तशाच लोकांसाठी केलेली ही गाणी. म्हणून शब्द थोडे, सोपे आणि पुन्हापुन्हा येणारे. आमच्या गावातल्या पोरांना ती पटकन उचलता आली याचे कारण हेच असावे. जर्मनीतच फ्रँक फारियन याने 'बोनी एम' हा संच उभा केला. त्यातले पुढे उभे राहणारे चौघे मूळचे कॅरिबियन बेटांवरचे, आणि नाचणाऱ्या पुरुषाच्या तोंडी जो भारदस्त आवाज ऐकू येई तो खुद्द फारियनचा. सोंग एकाचे, आवाज दुसऱ्याचा. आपल्या चित्रपटांना हे काही नवीन नव्हते! पुढे १९८४ पासून 'मॉडर्न टॉकिंग' ही जर्मन जोडी गाजली, आणि इटलीतून तर अशा गाण्यांचा पूरच आला.

आपल्याकडे ही गाणी दोन वाटांनी आली. एक कॅसेटची वाट, ती मी सांगितलीच. दुसरी हिंदी चित्रपटांची. बेंगळुरूचा बिद्दू हा तरुण इंग्लंडला गेला, तिथे १९७४ साली 'कुंग फू फायटिंग' या गाण्याचा निर्माता म्हणून गाजला, आणि १९८० साली त्याने 'कुर्बानी' चित्रपटासाठी नाझिया हसन या शाळकरी मुलीकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतले. १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला. त्यातले 'जिमी जिमी' तुम्ही ऐकले नसेल असे होणार नाही. बप्पी लाहिरींनी ती चाल 'ओटावान' या फ्रेंच संचाच्या १९८० च्या एका गाण्यावरून घेतली होती. म्हणजे पॅरिसची चाल मुंबईला आली, मुंबईहून वाईच्या बँडवाल्यांकडे आली, आणि क्लॅरिनेटवर, तुतारीच्या साथीने, आमच्या गावच्या मारुतीपुढे वाजली. नवरदेव घोड्यावर बसलेला असे आणि घोडासुद्धा ठेक्यात पाय टाकी. १९८७ च्या 'गंमत जंमत'मध्ये किशोरकुमारांनी 'अश्विनी ये ना' गायले, तोवर हा ठेका मराठी बोलू लागला होता.

मुंबईच्या चरणजित सिंग या वादकाने तर १९८२ मध्येच दहा राग, भैरवापासून मालकंसापर्यंत, सिंथेसायझरवर आणि यंत्राच्या ढोलावर डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे लोक थक्क झाले. पुढे पाच वर्षांनी अमेरिकेत 'अ‍ॅसिड हाऊस' म्हणून जो नादप्रकार निघाला, त्याच्याशी ही तबकडी विलक्षण जुळत होती! म्हातारपणी सिंग युरोपात जाऊन ते वाजवून आले. २०१५ साली ते वारले. ती तबकडी मिळाली तर तिच्यातला मेघमल्हार जरूर ऐका. माझे मत विचाराल, तर सगळेच राग त्या ठेक्याला सोसत नाहीत. ललित मला थोडा गुदमरल्यासारखा वाटला.

आता माझ्या कॅसेटकडे येतो.

१९८६ सालचे आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन. सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, मला एकट्याला नाच करायचाय. तुमच्या टेपवरच्या तिसऱ्या गाण्यावर." मी चमकलो. तिसरे गाणे याला कसे ठाऊक? तर हा पोरगा संध्याकाळी माझ्या खिडकीखाली उभा राहून ऐकत असे. तालीम त्याने स्वतःच करून ठेवली होती. मी पाहिली. चांगली होती. पण कार्यक्रमपत्रिका माझ्या हाती होती आणि मी त्याचे नाव खोडले. "हे आपलं नाही, थिल्लर आहे," असे काहीतरी बोललो. त्याच्या हातात विळा देऊन त्याला शेतकरी नृत्यात मागच्या ओळीत उभे केले. आणि त्याच रात्री घरी आल्यावर मी तीच कॅसेट लावली. हे आजवर कोणाला सांगितले नव्हते.

पुढे बरीच वर्षे गेली. २०१८ साली 'क्वीन' या इंग्लिश संचाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या जीवनावर चित्रपट आला आणि वर्तमानपत्रांत पाचगणीचे नाव झळकले. माझ्या नातीने मोबाइलवर त्याची गाणी एकामागून एक लावली. मी अर्धवट ऐकत होतो. एक गाणे सुरू झाले आणि मी उठून बसलो. ते तिसरे गाणे होते.

त्याचे नाव 'लव्ह किल्स'. १९२७ सालचा 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट मोरोडरने १९८४ मध्ये नवे संगीत घालून पुन्हा पडद्यावर आणला, त्यासाठी मोरोडर आणि मर्क्युरी या दोघांनी मिळून हे गाणे केले. तोच यंत्राचा धावता खर्ज, तेच चार ठोके, आणि वर तो चढत जाणारा, कंठ फाडून न जाता भरून येणारा आवाज. इंग्लंडात ते पहिल्या दहांत गेले. क्वीनचे लोक १९७९ पासून मोरोडरच्या त्या म्यूनिकच्या तळघरात ध्वनिमुद्रणाला जात. १९८० चे त्यांचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' तिथलेच. ढोलाचा एक तुकडा ध्वनिफितीवर घेऊन तो चक्रासारखा फिरवत ठेवला आहे. नाचघरांत ते फार चालले. मर्क्युरी पुढे म्यूनिकमध्ये बराच काळ राहिला आणि १९८५ चा स्वतःचा गीतसंग्रह त्याने तिथेच केला. त्यातले एक गाणे, 'लिव्हिंग ऑन माय ओन', तेव्हा फारसे चालले नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो एड्सने वारला. त्यानंतर १९९३ मध्ये तेच गाणे नव्या ठेक्यावर बांधून काढले, तेव्हा ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचले.

हा माणूस म्हणजे फारुख बुलसारा. पारशी घराणे, मूळ गुजरातेतल्या बुलसारचे. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर. वडील तिथे सरकारी कचेरीत रोखपाल. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला बोटीत बसवून मुंबईला आणि तिथून पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवले. आठ वर्षांचे पोर, आईपासून समुद्राइतके लांब! ते 'फ्रेडी' झाले ते या शाळेत. १९५८ च्या सुमारास तिथल्या पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला, त्यात हा पियानो वाजवी. त्या वेळचा त्याचा एक मित्र सांगतो, की रेडिओवर गाणे ऐकले की ते तसेच्या तसे पियानोवर वाजवण्याची त्याला विलक्षण हातोटी होती.

हे वाचताना मला आमच्या आकाशवाणीचे थोडे हसू आले. संपादकांनी ही ओळ ठेवली तर त्यांचे आभार. १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते डॉ. बा. वि. केसकर, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे कान लावून बसला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला 'विविध भारती' काढावी लागली. पेटी तर बिचारी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर अस्पृश्यच होती. हेतू वाईट नव्हता. आज अनेक शास्त्रीय गायकांची जी मोलाची ध्वनिमुद्रणे आपल्याकडे आहेत, ती त्याच धोरणाची कमाई. पण कान काही कुलपात राहत नाहीत. माझ्या खिडकीखालच्या पोराचेही राहिले नाहीत.

पाचगणीच्या त्या शाळेत मात्र वेगळे घडले. मुलाचा कान मुख्याध्यापकांच्या ध्यानी आला. त्यांनी झांझिबारला पत्र लिहिले, की फीमध्ये थोडी भर घालाल तर याला पद्धतशीर संगीत शिकवता येईल. आईवडिलांनी मान्य केले. पियानोच्या परीक्षांत तो वादन आणि शास्त्र दोन्हींच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला. बस, एवढेच. एक पत्र आणि थोडी जास्त फी. शाळेने त्याला घडवले असे मी म्हणणार नाही. पाचगणी सोडल्यावर इंग्लंडात तो चित्रकलेचा विद्यार्थी होता, आणि पुढे जे झाले त्यात त्याचे स्वतःचे कष्ट मोठे. पण ते पत्र मी पुनःपुन्हा डोळ्यांपुढे आणतो. पत्र लिहिणाऱ्यालाही तेव्हा पुढचे काही ठाऊक नव्हते.

तो विळ्यावाला मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आला, तेव्हा मी कपाटातून 'डान्स ८५' काढून त्याच्यापुढे ठेवली आणि घाटावरच्या मुलाची ही सगळी हकीकत त्याला सांगितली. फीत आतून चिकटली होती, वाजण्याजोगी नव्हती. त्याने तिसरे गाणे मोबाइलवर शोधून लावले आणि गुडघ्यावर बोटांनी ठोका धरला. गाणे संपेपर्यंत कोणीच बोलले नाही.

मग म्हणाला, "गुरुजी, हा आपल्या पाचगणीत शिकलेला आहे हे तेव्हा ठाऊक असतं, तर नाचू दिलं असतंत का?"

मी म्हणालो, "दिलं असतं बहुतेक."

"मग माझा नाच तोच होता की," तो म्हणाला, आणि चहाचा कप ठेवून पुढच्या घरी पत्रिका द्यायला गेला.